शुक्रवारी न सांगितलेला निकाल

कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत तिला सगळे ‘ताजा कलम’ म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि तिला ते आवडायचंही. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलाच्या टोकाशी उभी राहून ती त्या आठवड्यात कायद्यात काय बदललं ते सांगायची. वरच्या कोर्टाचे निकाल, नवे नियम, ऑनलाइन दावा दाखल करताना कोणतं बटण दाबलं की सगळं गायब होतं, इथपर्यंत सगळं. डबे उघडे असत, चमचे वाजत, पण बोलत कोणी नसे. फौजदारीवाला, घटस्फोटवाल्या बाई, अपघाताच्या भरपाईचे दावे लढवणारा तो कायम घाईतला उंच गृहस्थ, मृत्युपत्रं करणारे म्हातारे वकील, अशा सगळ्यांच्या पदरात ती काही ना काही टाकायची.

तिची स्वतःची वकिली बेताचीच होती. भाडेकरूंची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या, अधूनमधून एखादं मृत्युपत्र. तिचा नवरा गणित शिकवून निवृत्त झालेला मास्तर. तो या शुक्रवारच्या उद्योगाला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. पण तिला त्याची चटक होती. जे कोणाला माहीत नाही ते आपल्याला आधी कळावं, आणि कळलं की ते सांगून टाकावं, यासारखं दुसरं सुख तिला ठाऊक नव्हतं.

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. ती वाचते म्हटल्यावर बाकीच्यांनी वाचणं सोडून दिलं. शिकलेसवरलेले, काळे कोट घातलेले हे लोक बिनदिक्कत दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिऊ लागले. त्यांत पहिला नंबर भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब हे घरमालकांचे ठरलेले वकील. अंगानं भरलेले, आवाज असा की शेजारच्या दालनातला साक्षीदार दचकावा. त्यांच्या कपाटातली कायद्याची पुस्तकं फक्त धूळ झटकण्यासाठी बाहेर निघत. “मी कशाला डोळे फोडू?” ते म्हणत. “ताई वाचतात ना.”

त्या वर्षी तिच्याकडे शिवणवाल्या मावशींचा दावा होता; समोर मालकाकडून अर्थात भाऊसाहेब. मावशी एकट्या. रस्त्याकडेच्या तळमजल्यावर त्यांची खोली, खिडकीशी शिलाई मशीन, मागे पलंग आणि चूल. गिऱ्हाईक खिडकीतूनच कपडे देई आणि खिडकीतूनच नेई. घर आणि धंदा एकाच भिंतीआड, त्यामुळे खोली गेली तर दोन्ही एकदम जाणार होतं. त्यांच्या भाडेकरारात असं होतं की वर्ष संपायच्या आत मालकानं रीतसर नोटीस दिली नाही, तर करार आपोआप आणखी तीन वर्षं चालू राहील. मालकानं नोटीस दिली, पण फोनवर, मेसेज करून. मावशींनी ती वाचली आणि उत्तरादाखल अंगठा पाठवला. आलेल्या प्रत्येक मेसेजला अंगठा पाठवायची त्यांना सवयच होती. भाचीनं साखरपुडा मोडल्याचं कळवलं तेव्हाही त्यांनी अंगठाच पाठवला होता.

“काळजी करू नका, मावशी,” तिनं सांगितलं होतं. “नोटीस कागदावर आणि टपालानंच पाहिजे. वरच्या कोर्टाचा निकाल आहे तसा. मेसेजला कोर्टात काही किंमत नाही.”

आणि तशी ती नव्हतीही. पण मग नवा निकाल आला.

तो तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचला, चहा घेता घेता. भाडेकरूनं मेसेज उघडून वाचला असेल आणि त्याला कसलंही उत्तर दिलं असेल, तर ती नोटीस पोचली असंच धरायचं. कसलंही उत्तर. तिनं तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि चहाचा कप बाजूला सारला.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

तिनं सांगितलं.

“भाऊसाहेबांना माहीत आहे?”

“ते वाचतात कुठे?”

“मग प्रश्न काय आहे? त्यांचा अभ्यास करून द्यायला तुला कोणी नेमलंय का?”

“तसं नाही हो. मुद्द्यावरचा विरुद्ध निकाल माहीत असेल तर तो कोर्टापासून लपवायचा नाही, असा नियमच आहे. मागे मीच सगळ्यांना शिकवलाय.”

“मग सांगून टाक.”

“आणि मावशी कुठे जातील?”

मास्तर उठून कप विसळायला लागले. गणितात अशी उदाहरणं येत नाहीत.

शुक्रवारी ती टेबलाच्या टोकाशी उभी राहिली. जामिनाच्या नव्या अटी सांगितल्या, व्हिडिओवरून साक्ष देताना साक्षीदाराच्या खोलीत दुसरं कोणी असता कामा नये हे सांगितलं, वकिलांनी आधीच्या पक्षकाराच्या विरोधकाचं काम कधी घ्यावं आणि कधी घेऊ नये याचे सुधारलेले नियम सांगितले. मग डबा उघडला.

“घरमालकांचं काही नवीन, ताई?” भाऊसाहेबांनी तोंडात घास घेऊनच विचारलं.

“नाही,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या खोलीत ती पहिल्यांदा खोटं बोलली होती. कोणाला काही जाणवलं नाही. जेवण मात्र तिला गेलं नाही.

मंगळवारी दावा उभा राहिला. मावशी मागच्या बाकावर बसल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. तिनं आपलं म्हणणं मांडलं. जुना निकाल दाखवला. आवाज नेहमीसारखाच स्थिर होता, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. न्यायाधीशबाईंनी भाऊसाहेबांकडे पाहिलं.

भाऊसाहेब उठले. आज त्यांचा आवाज भिंती हलवत नव्हता. “साहेब, या मुद्द्यावर मी उगाच कोर्टाचा वेळ घेत नाही. नवीन काही निघालंय का, हे मी ताईंना शुक्रवारी विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाहीच. जुना निकाल मला मान्य आहे.”

आणि ते खाली बसले.

आता फक्त गप्प राहायचं होतं. मूग गिळून दोन मिनिटं बसलं की खोली मावशींची. भाऊसाहेब भांडले असते, तावातावानं चार वाक्यं चुकीची बोलले असते, तर कदाचित ती बसलीही असती. पण तो माणूस तिच्या शब्दावर हत्यार खाली ठेवून मोकळा झाला होता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती उभी राहिली. “साहेब, नवा निकाल आहे. तो माझ्या विरुद्ध जातो. भाऊसाहेबांना मी खोटं सांगितलं.”

तिनं निकालाची प्रत पुढे दिली. न्यायाधीशबाईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हे आधीच द्यायला हवं होतं, बाई.” बस, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. त्याच दिवशी निकाल मालकाच्या बाजूनं लागला. खोली सोडायला सहा महिने द्यावेत, असं भाऊसाहेबांनी आपण होऊन सुचवलं आणि कोर्टानं ते दिले.

बाहेर व्हरांड्यात मावशी तिची वाट पाहत उभ्या होत्या. तिनं मनाशी बरंच काही जुळवलं होतं: कोर्टाशी इमान म्हणजे काय, नियम काय, खोट्यानं मिळवलेली खोली अपिलात कशी गेली असती. मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

“तुम्ही खरं बोललात ते बरंच केलंत,” त्या म्हणाल्या. “खोट्यानं खोली मिळाली असती तर मलाही नको होती. पण हा निकाल तुम्हाला कधी कळला?”

“आठ दिवस झाले.”

“गेल्या आठवड्यात मी फोन केला होता तुम्हाला. शाळेमागची खोली मिळतेय, घेऊ का म्हणून. रस्त्याकडे खिडकी होती तिला. तुम्ही म्हणालात, घाई करू नका.”

तिला आठवलं. फोन आला तेव्हा ती निकालाचीच काळजी करत होती, आणि ‘घाई करू नका’ हे तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं होतं.

“ती गेली परवा,” मावशी म्हणाल्या. “दर शुक्रवारी सगळ्या वकिलांना सांगता म्हणे तुम्ही. मलाही एकदा सांगायचं होतंत.”

आठ दिवस ती कोर्टाचा विचार करत होती, भाऊसाहेबांचा करत होती, स्वतःच्या इमानाचा तर करतच होती. मावशींसाठी जीव तुटत होता तोही खोटा नव्हता. पण जिच्या डोक्यावरचं छप्पर जाणार होतं तिला ही गोष्ट सांगावी, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. “चुकलं माझं,” ती म्हणाली. मावशींनी मान हलवली आणि जिना उतरून गेल्या.

पुढच्या शुक्रवारी तिनं टेबलाशी उभं राहून आधी ही हकिगत सांगितली आणि मग बाकीचं. कोणी टोमणा मारला नाही. फौजदारीवाल्यानं मात्र त्यानंतर स्वतःचे निकाल स्वतः वाचायला सुरुवात केली, आणि ते तसं चांगलंच झालं.

पाचेक महिन्यांनी भाऊसाहेब संध्याकाळी तिच्या कचेरीत आले. बसले, उठले, पुन्हा बसले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला सुरुवात सापडत नव्हती.

“ताई, एक विचारायचं होतं. तुमच्या त्या शिवणवाल्या मावशी. त्यांना खोली मिळालीय, गावाच्या त्या टोकाला. त्या माझ्याकडे आल्या होत्या. करार मीच बघून द्यावा म्हणतात. मी त्यांच्या विरुद्ध उभा होतो. हे नियमात बसतं का?”

तिनं टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. बरंच लागलं तिला.

“बसतं,” ती म्हणाली. “दावा संपलाय, आणि हा मालक वेगळा आहे. फक्त तुमच्या जुन्या मालकाची लेखी संमती घ्या.” मग म्हणाली, “आणि नोटीस कशी द्यायची ते कलम त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. सही करायच्या आधी.”