मागाच्या शेडमधला बावीस नंबर

घरात तीन मोबाईल असताना भंगारवाल्याकडून डायलचे दोन काळे फोन आणणाऱ्या माणसाला आमच्या शहापुरात येडा म्हणतात. मला ते आधीपासूनच म्हणतात, त्यामुळं नवीन नुकसान काही झालं नाही.

कारण सांगतो. आई शेडच्या पायरीवर घसरली आणि तिनं खुब्याचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी पायऱ्या चढायला-उतरायला बंदी घातली. आमची मागाची शेड घराच्या मागच्या अंगाला, अंगण ओलांडून, पायऱ्या उतरून. म्हणजे शेड तिच्यासाठी परगावी गेली. आप्पा दिवसभर तिकडं, आई पुढच्या खोलीत पलंगावर. हाक मारून उपयोग नाही, कारण गल्लीभर यंत्रमाग. आमच्या गल्लीत ढग गडगडले तरी शेजाऱ्याला विचारावं लागतं.

मोबाईलचं काय, तर आप्पा तो शर्टाच्या खिशात ठेवतात आणि शर्ट खुंटीला. आईनं एकदा त्यांना लावायला घेतला आणि लागला निपाणीच्या विहीणबाईंना व्हिडिओ कॉल. विहीणबाईंनी बराच वेळ आमचा पंखा बघितला आणि तब्येतीची चौकशी केली. त्यानंतर आईनं मोबाईल उशीखाली घातला तो घातलाच.

मी मच्छे गावच्या कारखान्यात इलेक्ट्रिकलची कामं बघतो. तिथल्या ऑफिसात इंटरकॉमची नवी यंत्रणा आली तेव्हा जुन्या इंटरकॉमचा डबा मी साहेबांना विचारून घरी आणला. नुसत्या बॅटरीवर दोन फोन बोलतात, पण घंटी वाजवायला विजेचा जास्तीचा दाब लागतो, आणि तो हा डबा देतो. वायर कपडे वाळत घालायच्या तारेला बांधून शेडपर्यंत नेली. पुढची खोली एकवीस नंबर, शेड बावीस. शेडमध्ये घंटी कुणाच्या बापाला ऐकू जाणार नाही, म्हणून घंटीबरोबर पेटणारा लाल दिवा आप्पांच्या नाकासमोर लावला.

आता खरी गोष्ट. शेडमध्ये माग दोन. एक आप्पांचा, एक आईचा. तिच्या मागाला आप्पाही विचारल्याशिवाय हात लावत नसत. ती पडली त्या दिवशी त्याच्यावर ताण्यातली, म्हणजे चढवलेल्या उभ्या सुतातली, शेवटची साडी अर्धी विणलेली होती. ती आता मागाजवळ उभी राहू शकणार नव्हती, आणि दोन माग एकट्यानं सांभाळायचं आप्पांचं वय नव्हतं. त्यांनी तिचा माग बोरगावच्या एकाला विकायचं ठरवलं. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, टेम्पो येणार होता.

‘तिला मी सांगतो,’ आप्पा मला म्हणाले. ‘तू तोंड उघडू नगंस.’

ते रोज सांगायला जायचे आणि चहा पिऊन परत यायचे. त्यात आई विचारायची, ‘माझा चालू हाय न्हवं?’ आणि हे म्हणायचे, ‘व्हय, व्हय.’ गल्लीच्या खडखडाटात कुठला माग आपला हे पुढच्या खोलीतनं कुणाला कळणार होतं?

मंगळवारी फोन सुरू केले. आईला डायल फार आवडली, भोकात बोट घालून तिनं दोनदा दोन फिरवला. मी शेडमध्ये होतो. लाल दिवा लागला, आप्पांनी माग चालू ठेवूनच रिसीव्हर कानाला लावला आणि ओठ हलवले. आवाज नाही. एक हात हलवला, मान डोलावली, रिसीव्हर ठेवला.

‘बोललो,’ असं मलाही ओठांनीच सांगितलं.

त्यांचा तरी काय दोष? या दोघांचा सगळा संसार मागांच्या आवाजात झालेला. एकमेकांचे ओठ बघायचे आणि हातानं खुणा करायच्या. बोट गोल फिरवलं की कांडीवरचं सूत संपलं. कपाळाला हात लावला की व्यापारी आला. मी याच शेडमध्ये वाढलो, मलाही ते सगळं वाचता येतं. भांडणंसुद्धा अशीच व्हायची, त्यामुळं आमच्या घराची गल्लीत लई चांगली ख्याती होती.

मी पुढच्या खोलीत आलो. आई रिसीव्हर मांडीवर घेऊन बसली होती.

‘एकच माग वाजतोय की रं,’ ती म्हणाली.

‘लाइनीत दोष असंल,’ मी म्हणालो.

‘लाइनीत माग अडकला व्हय?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या हौसेनं जोडलेल्या वायरीनं पहिल्याच फोनला घरची चहाडी केली होती. आईनं पुन्हा बावीस फिरवला. मी परत शेडकडं पळालो.

आप्पा लाल दिव्याकडं बघत उभे होते. मग त्यांनी कापड मध्यावर असताना माग बंद केला. असं ते कधी करत नाहीत. त्यांनी रिसीव्हर उचलला. जुने रिसीव्हर मोठ्यानं बोलतात, त्यामुळं आई मलाही ऐकू येत होती.

‘माझा बंद हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘कवापासनं?’

‘तू पडलीस तवापासनं.’

‘इकला?’

आप्पांचा हात वर गेला आणि हवेत काहीतरी सांगायला लागला.

‘तोंडानं बोला,’ आई म्हणाली. ‘मला दिसत न्हाय.’

‘बोरगावच्याला दिला,’ आप्पा म्हणाले. ‘बेस्तरवारी नेतोय. तुला आता उभं ऱ्हायाला व्हायचं न्हाय, आन मला दोन संभाळवत न्हाईत.’

‘हे हितं येऊन सांगायला काय झालतं?’

‘आलतो की. चहा पिऊन गेलतो.’

आई रडत असावी, पण तिनं ते फोनवर येऊ दिलं नाही.

‘माझी साडी अर्धी हाय,’ ती शेवटी म्हणाली. ‘ती पुरी करा, मग न्या म्हणावं. आन फोन ठेवू नगा.’

आप्पांनी रिसीव्हर तिच्या मागाशेजारी स्टुलावर ठेवला आणि तोच माग सुरू केला. तो दिवस आणि दुसरा दिवस आई जमेल तितका वेळ रिसीव्हर कानाला लावून बसली. एक कान दुखला की दुसरा. जेवली एका हातानं. मी काही विचारायला गेलो की तळवा दाखवायची. साडी मागावरनं उतरल्यावर मी तिला दाखवायला आणली. तिनं काठावरनं अंगठा फिरवला.

‘काठ जरा ढिला आलाय तुझ्या बापाचा,’ म्हणाली, आणि साडी इतर साड्यांबरोबर व्यापाऱ्याकडं गेली.

बेस्तरवारी बोरगावची माणसं आली. माग सुटा करून मागच्या बोळातनं एकेक भाग टेम्पोपर्यंत नेला. त्या दिवशी आप्पांनी स्वतःचाही माग चालू केला नव्हता. टेम्पो गेल्यावर जमिनीवर तेलाचे चार डाग राहिले. आप्पा तिथंच उभे होते आणि लाल दिवा लागला.

त्यांनी रिसीव्हर उचलला. शेडमध्ये कसलाही आवाज नव्हता. तरी त्यांचे नुसते ओठ हलले. मला ते वाचता आलं. ‘गेला,’ असं ते म्हणत होते.

‘कळलं,’ रिसीव्हरमधनं आई म्हणाली. ‘या आता घरात.’