पाठमोऱ्या माणसांची लेबलं

इथं परदेशात, माउंट रॉस्किलला, आमच्या शेजारी एक बर्मी चित्रकार राहतात. लष्कराविरुद्ध चित्रं काढली म्हणून देश सोडावा लागलेले. आठवडाभर कारखान्यात पॅकिंग, शनिवार-रविवार गॅरेजमध्ये चित्रं. गॅरेज उघडलं की नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई खुर्ची घेऊन तिकडेच. तिला ते 'आमे' म्हणतात. त्यांच्या भाषेत आईच.

त्यांच्या चित्रांतली सगळी माणसं पाठमोरी. बाजारात बसलेली, होडीत चढणारी. अंबाड्यात फुलं, मान किंचित वाकलेली. लायब्ररीत त्यांचं इथलं पहिलं प्रदर्शन ठरलं, तेव्हा यादी अर्थातच मी केली. बावीस चित्रं, बावीस लेबलं. नुसतं 'फुलवाली' लिहून काय कळणार? म्हणून चित्रातल्या प्रत्येकाचं नाव-गाव विचारलं. त्यांनी हसत सांगितलं, मी छापून आणलं.

त्यानंतर यादीतली चित्रं कमी व्हायला लागली. एकाची फ्रेम हलते, एकाचा रंग ओला. पाचवं मागे घेतलं तेव्हा मी वैतागले.

"आता याला काय झालं?"

"थोडं दुरुस्त करतो," ते म्हणाले आणि आमच्याकडे नूडल्सचं भांडं पाठवलं.

आई म्हणाली, "अगं, तो तुला नको म्हणतोय."

"मग तोंडानं सांगायला काय होतं?"

"कोणी आपल्यासाठी राबत असलं की त्यांच्यात नाही म्हणत नाहीत. आणि तू सदा पेन घेऊन उभी! तुझ्यासमोर तुझे बाबासुद्धा 'बघू' एवढंच म्हणायचे."

मी पेन न घेता गॅरेजमध्ये गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी ब्रश पुसून ठेवला.

"फुलवाली माझी बहीण. ती आणि बाकीची माणसंही अजून तिथंच आहेत. माझ्या चित्राखाली तिचं नाव दिसलं, तर लष्करवाले तिला उचलतील. पण तुम्ही इतके कष्ट घेतले होते…"

 मी ती माणसं रोज बघत होते, आणि ती पाठमोरी का, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

बावीसही लेबलं मी तिथंच फाडली. संध्याकाळी मागे घेतलेली पाचही चित्रं त्यांनी स्वतः गाडीत ठेवली.

प्रदर्शनात एका बाईंनी फुलवालीसमोर थांबून विचारलं, "ही कोण?"

मला तिचं नाव, गाव, धाकटी की थोरली, सगळं पाठ होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. शेजारी उभ्या चित्रकारांनी त्या बाईंना फुलांचे रंग कसे केले ते सांगायला सुरुवात केली, आणि चांगली वीस मिनिटं सांगत राहिले.