मुळांना राहिलेली माती

वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात साडेतीन वाजले होते. चार वाजता मॅडम अहवालावर सही करणार होत्या, आणि डोंगरपायथ्याच्या गवतातलं ते नखाएवढं जांभळं फूल कागदोपत्री नामशेष होणार होतं.

विद्यार्थिनी रडकुंडीला आली होती. "मॅडम, पाकळ्या मोजल्या, पानं जुळवली. मी आणलेलं हे फूल तेच आहे!"

"पण सापडलं पश्चिमेच्या उतारावर. तिथे याचं चुलत भावंडच उगवतं, आणि वाळल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आपला एकुलता एक जुना नमुना पूर्वेचा आहे. त्याच्यावरची ठिकाणाची चिठ्ठी वाच ना!"

कोपऱ्यात डिंककाका सुई-दोरा आवरत होते. वाळलेली रोपं जाड कागदावर चिकटवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. माणूस इतका मुखदुर्बळ, की चहात साखर नसली तरी मुकाट पिऊन टाकायचा. आता मात्र त्यांनी सुई खाली ठेवली. एकोणीस वर्षांपूर्वी उकाड्याला कंटाळून त्यांनी पंखा लावला आणि दोन नमुन्यांच्या ठिकाणाच्या चिठ्ठ्या भुर्रकन उडाल्या; रोपांची नावं तेवढी कागदांवरच लिहिलेली होती. त्यांनी त्या अंदाजाने चिकटवल्या. नोकरीच्या भीतीने कुणाला बोलले नाहीत. आता निवृत्तीला दीड महिना उरला होता.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. काका पुढे आले.

"मॅडम, ती चिठ्ठी... माझ्याकडून अदलाबदल झाली असेल."

"असेल म्हणजे? झाली की नाही?"

काकांनी अडखळत पंख्याची गोष्ट सांगितली. मॅडमचा चेहरा लालबुंद झाला.

"काका, तुमच्या 'असेल'वर मी अहवाल फिरवू? पुरावा काय?"

काकांनी तो जुना नमुना मॅडमपुढे सरकवला. मग हळूच म्हणाले, "मुळं बघा. मी ती नीट धूत नाही म्हणून तेव्हा तुम्ही मला झापलं होतं."

मॅडमनी भिंग लावलं. पूर्वेची माती काळी, पश्चिमेची तांबडी, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"तांबडी," मॅडम पुटपुटल्या. "म्हणजे जुना नमुनाही पश्चिमेचाच. फूल नामशेष नाही. तुमच्या कामचुकारपणाचे उपकारच म्हणायचे!" पण त्या हसल्या नाहीत. "नियम माहीत आहे ना? जुनी चिठ्ठी काढायची नाही. शेजारी नवी लावायची, स्वतःच्या नावासकट."

काकांनी लिहिलं, 'जुनी चिठ्ठी चुकीची. लावणारा मीच.' खाली सही केली. एकतीस वर्षांत नमुन्याच्या कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच येत होतं.

डिंकाची बाटली उघडण्याआधी ते उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.