कुमुदताईंचा दुसरा परिच्छेद

चार म्हातारे, एक माइक आणि फुकटचा चहा एका हॉलमध्ये कोंडा, किस्से आपोआप होतात. आमच्या संगीत-संशोधन संस्थेच्या मराठवाडा शाखेत तर ते कपाटामागच्या धुळीसारखे साचतात. झाडू मारला की आणखी निघतात. संस्था राष्ट्रीय आहे, शाखा औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानासमोर. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा पैठणहून मामा आला आणि म्हणाला, "पोरीला कुठंतरी चिकटवा, नायतर घरात भांडणं लावंल." तेव्हापासून मी इथलं ऑफिस सांभाळते. भांडणं इथं आधीपासूनच होती.

* * *

पहिल्याच दिवशी मी विचारलं, संस्था नेमकं करते काय?

शाखेचे अध्यक्ष बोधनकर सर. रिटायर्ड प्राचार्य. रिटायर झाले हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी सांगितलं की संस्था भारतीय संगीताचं रक्षण करते. ते सांगून होईपर्यंत चहा दोनदा गरम करावा लागला.

उपाध्यक्ष हमीद सर. जन्मभर कॉलेजात उर्दू शिकवली, अभ्यास तबल्याचा. ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "रक्षण होतं, बेटा. किससे, वो मत पूछ."

तिसऱ्या कुमुदताई. गंगापूरकडच्या झेडपीच्या शाळांमधून आख्खी नोकरी केलेल्या बाई. त्या म्हणाल्या, "अगं, आज कुणी गायलं ते उद्या कुणाला तरी ऐकता यावं. दुसरं काय असतंय?"

मला कळलेलं उत्तर हे एकच.

* * *

ऐकता यावं म्हणून एकदा आम्ही जीप करून सोयगावकडं गेलो. तिथं ओव्या म्हणणारे एक धनगर आजोबा होते. मी रेकॉर्डर चालू केला. बोधनकर सर म्हणाले, आधी थोडी प्रस्तावना करतो.

प्रस्तावनेत आधी ओवी म्हणजे काय ते आलं, मग धनगर म्हणजे कोण ते आलं. तेसुद्धा त्या आजोबांनाच समजावून! आजोबा मान डोलावत होते, शेळ्या निघून चालल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "सायेब, आता मी म्हणू, का तुमचंच चालू ठिवता?"

तेवढ्यात बॅटरी संपली.

ती फाइल दिल्लीच्या केंद्रात 'धनगरी ओव्या, सोयगाव' या नावानं जमा आहे. जरूर ऐका. ओवी एक नाय, पण भाषण स्पष्ट आलंय.

* * *

बोधनकर आणि हमीद सर, हे दोघं विद्वान एकदा पैठणच्या व्याख्यानाला निघाले होते. स्टँडवर एसटी लागली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बोधनकर म्हणाले, कोमल गंधार. हमीद सर म्हणाले, जनाब, शुद्ध आहे. झालं! आयुष्यभर संगीतावर बोललेली माणसं, एका हॉर्नवर कशी थांबतील? सामान फलाटावर, हातवारे हवेत.

मी पैठणच्या हॉलमध्ये श्रोते धरून बसलेले. फोन केला तर हमीद सर शांतपणे म्हणाले, "बस तो निकल गई. जाताना पुन्हा वाजवला. शुद्धच होता."

* * *

हमीद सरांच्या बुटांचंही सांगते. हॉलमध्ये गालिचा आहे, म्हणून चपला बाहेर काढायचा नियम. एका उद्घाटनाला त्यांची कोरी कोल्हापुरी कुणीतरी पायात घालून गेलं. उद्घाटनाला फक्त सभासद होते! मे महिना, भर दुपार, आणि हमीद सर गुलमंडीवरून अनवाणी घरी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेसचे बूट घेतले आणि जाहीर केलं की ते काढणार नाय. बोधनकरांनी त्यावर खास बैठक लावली. तोडगा असा निघाला की गालिचा संपतो तिथं, दाराजवळ, शेवटची खुर्ची हमीद सरांची. त्या दिवसापासून त्यांच्या पायात कुणी चप्पल पाहिलेली नाय.

* * *

माझ्या शिक्षणाचा संस्थेला एकदाच उपयोग झाला. अधिवेशनात निबंध वाचणारे वेळ पाळत नाहीत म्हणून बोधनकर सर पितळी घंटा वाजवायचे. ती वाजवून वाजवून तडकली. त्यांनी मला डोअरबेल बसवायला लावली, बटण त्यांच्या टेबलाखाली. बाहेर चपलांच्या रॅकच्या वर हॉलचा मेन स्विच आहे, तिथून मी वायर ओढली. पहिल्यांदा बेल वाजली तेव्हा समोरचा झेरॉक्सवाला पळत आला.

बेल सगळ्यांना होती. बोधनकर सरांना नव्हती, कारण बटण त्यांच्याकडं.

* * *

आता कुमुदताईंच्या निबंधाचं.

आमच्या वार्षिक अधिवेशनात त्यांचा नंबर कायम शेवटचा. त्यांच्या आधी 'अध्यक्षीय समारोप'. समारोप झाल्यावर निबंध कसा, असं मी विचारलं तर बोधनकर म्हणाले, प्रथा आहे. समारोप एवढा चालायचा की बाहेरगावचे बॅगा उचलायचे. मग कुमुदताई उभ्या राहायच्या आणि वाचायच्या, "गंगापूर तालुक्यात कापूस वेचताना बाया गातात. त्या गाण्यांचा मी अभ्यास केला आहे." की बेल!

दरवर्षी हेच. पहिला परिच्छेद सगळ्या शाखेला पाठ झाला होता. चहावाला कप गोळा करताना तो म्हणायचा. पुढं काय आहे, कुणालाच माहीत नव्हतं. आणि केंद्राचा नियम असा, की अधिवेशनात पूर्ण वाचलेला निबंधच संस्थेच्या अंकात छापायचा.

मी एकदा चिडून म्हटलं, ताई, तुम्ही भांडत का नाय? त्या म्हणाल्या, "भांडायला गेले की तेवढ्यातच वेळ संपतो गं."

यंदा त्या मुलीकडं नागपूरला कायमच्या निघाल्या होत्या. म्हणजे हे शेवटचं अधिवेशन. ज्या बायांकडून गाणी घेतली त्यांतल्या निम्म्या गेल्या. अंकात आलं नाय तर सगळं त्यांच्या पिशवीतच राहणार होतं. मी बोधनकरांना सांगितलं, ताईंना आधी घ्या. ते म्हणाले, प्रथा आहे.

* * *

अधिवेशनाला दिल्लीहून केंद्राच्या बाई आल्या होत्या, मराठी जाणणाऱ्या. समारोप नेहमीसारखाच चालला. कुमुदताई उभ्या राहिल्या. "गंगापूर तालुक्यात कापूस वेचताना बाया गातात," आणि हॉलमधून दोन-चार जणांनी पुढचं वाक्य म्हणून टाकलं. लोक हसले. बोधनकरांचा हात टेबलाखाली गेला.

आणि लाइट गेली.

पंखे थांबले, माइक मेला. बोधनकर बटण दाबत राहिले. मग उठून काहीतरी बोलले, पण माइकशिवाय त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेत पोचत नाय.

कुमुदताई कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या. मग जो आवाज निघाला, तो साठ पोरांच्या वर्गावर कमावलेला होता.

"बोधनकर, खाली बसा. मागच्यांना ऐकू येत नाय."

बोधनकर बसले.

"गात होत्या, असं म्हणायला हवं," कुमुदताईंनी वाचलं. हा दुसरा परिच्छेद! बॅगा उचललेले लोक तसेच थांबले. पूर्वी बाया एकमेकींच्या शेतात पाळीपाळीनं वेचायच्या. एका ओळीतली गाणं उचलायची, पलीकडच्या ओळीतली उत्तर द्यायची. मधेच त्यांनी एक कडवं गाऊन दाखवलं. आमच्या अधिवेशनात गाणं! मग वेचणीची मजुरी किलोवर आली, आणि पलीकडच्या ओळीत उत्तर द्यायला कुणी थांबेना. बायांना गाणी अजून येतात, ताईंनी वाचलं, पण एकटीनं म्हणायची ती गाणीच नाहीत.

हॉलमध्ये एवढी शांतता होती की समोरच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन चालू असलेलं ऐकू येत होतं.

ताईंनी शेवटचं पान उलटलं, चष्मा काढला. दिल्लीच्या बाईंनी कागदावर लिहिलं, 'पूर्ण वाचला.'

पंखे फिरायला लागले. पाठोपाठ दार उघडून हमीद सर आत आले, हात झटकत. बोधनकरांनी विचारलं, इतका वेळ बाहेर काय करत होतात?

हमीद सर आपल्या खुर्चीत बसले आणि वाकून बुटाची लेस नीट केली.

"कुछ नहीं, जनाब. चप्पल ढूंढ रहा था."