साडूंचा वाफेचा गोतावळा

कोणी देवाला वाहून घेतं, कोणी शेअर बाजाराला. आमच्या साडूंनी स्वतःला इंग्लंडातल्या एका आडबाजूच्या रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना वाहून घेतलं आहे. जन्म पुण्याचा, नोकरी आणि घर नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी, इंग्लंडच्या भूमीला परवापरवापर्यंत पाय लागलेले नव्हते. पण त्या रेल्वेच्या एकूण एक इंजिनाची कुळकथा त्यांना पाठ. त्यांच्या तोंडी इंजिन म्हणजे 'ती'. आमच्याकडे युट्रेख्टला यायचं तर विजेच्या गाडीने यावं लागतं, म्हणून ते दारातच वैतागलेले असतात. "आवाज नाही, धूर नाही. चाकांवरचा फ्रीज नुसता," असं म्हणत बूट काढतात.

माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्यापाशी उभं राहून त्यांनी जमलेल्या बायकांना त्या रेल्वेचा सगळा इतिहास ऐकवला. सुरुवातीची इंजिनं लहानखुरी, हिरवी, प्रत्येकीला स्वतःचं नाव. पुढे एका मोठ्या कंपनीने ही धाकटी रेल्वे गिळली, पितळी नावं उतरवून नंबर ठोकले आणि सरसकट काळा रंग फासला. इथे साडूंनी पाळण्याची दोरी घट्ट धरली. "मोठ्या घरात दिलेल्या मुलीसारखं झालं हो. माहेरचं नावसुद्धा ठेवलं नाही." दोघीतिघींनी डोळे पुसले. आमच्या मुलीचं नाव ठेवायचं राहिलंय, हे बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी लक्षात आलं.

नंतर डिझेल आलं आणि बहुतेक जणी भंगारात गेल्या. एकच वाचली, तिकडची हौशी मंडळी तिला अजून चालवत होती. यंदा तिच्या बॉयलरची मुदत संपणार आणि दुरुस्ती कधी होईल ते सांगता येत नाही, असं कळलं आणि साडूंची झोप उडाली. इथला राहण्याचा परवाना तिथे चालत नाही. व्हिसा येईपर्यंत त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. अखेर तो शेवटच्या फेरीच्या तोंडावर आला आणि मीही त्यांच्यासोबत गेलो.

ती फलाटाला धापा टाकत उभी होती. साडूंनी पिशवीतून हळदकुंकू आणि नारळ काढला. रुळावर आपटून आपटून नारळ काही फुटेना. म्हाताऱ्या ड्रायव्हरने हे कशासाठी, एवढंच विचारलं आणि कोळसा फोडायच्या हातोडीने एका घावात फोडून दिला. मग त्याने साडूंना वर घेतलं आणि शिट्टीची दोरी हातात दिली. इतका आनंदलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बेस्टला पोचेपर्यंत त्यांनी तोंडावरची काजळी धुतली नाही.

काही दिवसांनी सर्वपित्री अमावास्या आली. साडू त्या दिवशी आईवडिलांच्या पानाशेजारी एक जास्तीचं पान वाढतात. ते भंगारात गेलेल्यांसाठी, कारण त्यांच्या तिथी कोणालाच ठाऊक नाहीत. एकेकीचं नाव घेऊन पाणी सोडतात. यंदा माझ्या मेव्हणीने दबकत विचारलं, "अहो, हिचं नाव घ्यायचं का?"

साडूंनी खिरीची वाटी पानावर नीट सरकवली.

"नाही," ते म्हणाले. "तिची फक्त आग विझलीये."

बाकीच्यांचं पान त्यांनी गॅलरीत नेऊन ठेवलं आणि बेस्टच्या कावळ्यांची वाट बघत उभे राहिले. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो.