पुण्याहून येणाऱ्या गोळ्या

ब्लड प्रेशर मला सिंगापूरमध्ये झालं, पण गोळ्या मात्र पुण्याच्याच हव्या होत्या. इथल्या डॉक्टरला आपल्या प्रकृतीतलं काय कळणार, असं माझं ठाम मत. त्यामुळे पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर गोळ्या यायच्या त्या पुण्याला जाऊन आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून, भाजणी आणि लिंबाच्या लोणच्याच्या सोबतीने. २०१४ साली तीन महिने कुणी गेलंही नाही आणि आलंही नाही. मी पडलो आयटीतला मॅनेजर, तुटवडा हाताळणं हा माझा हातखंडा. उरलेल्या गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागलो. बायकोने विचारलं की "घेतली" म्हणायचो. लोणच्याच्या बाबतीत ही काटकसर मला सुचली नाही.

मग डाव्या डोळ्याला ऑफिसच्या स्क्रीनवरची अक्षरं पुसट दिसू लागली. दोष अर्थातच चष्म्याचा. चष्मेवाल्याशी हुज्जत घालून मी काच दोनदा बदलून घेतली. तिसऱ्यांदा गेल्यावर त्याने शांतपणे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. चष्मेवाला जबाबदारी टाळतोय, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. तीच मला धरून घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी ब्लड प्रेशर मोजलं, आकडा बघून पुन्हा मोजलं. मग माझ्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. वाढलेल्या दाबाने बारीक रक्तवाहिन्या जाड झाल्या होत्या, त्यातली एक खालच्या शिरेवर दाबून बसली होती आणि शीर तुंबून रक्त पडद्यात झिरपलं होतं. गोळ्या नियमित घेता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नियमित. एक दिवसाआड म्हणजे नियमितच की. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"पूर्वीसारखं दिसेल ना?" मी विचारलं.

"डाव्याचं सांगता येत नाही. उजवा सांभाळू या," त्या म्हणाल्या.

मी घाबरलो. 

वर्षभर डोळ्यात इंजेक्शनं झाली, पण डाव्या डोळ्यासमोरचा मधला डाग हटला नाही. गोळ्या आता आमच्या इमारतीखालच्याच दवाखान्यातून येतात. रोज सकाळी आठ वर्षांची लेक समोर उभी राहते. "बाबा, open your mouth lah," असं इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणते आणि गोळी गिळली का ते तपासते. एकदा मी गंमत म्हणून उजवा डोळा मिटून तिच्याकडे पाहिलं. वेण्या दिसल्या, युनिफॉर्म दिसला, चेहरा दिसला नाही.

तेव्हापासून मी निमूटपणे तोंड उघडतो.