इंद्रभानदादा आणि डोंगराचं पुस्तक

पुस्तकाचं दुकान म्हणजे काय असतं ते मला विचारा. वाशीमकडच्या मालेगावात स्टँडजवळ माझं दुकान आहे. पाटीवर ‘फय्याज बुक डेपो’ असं मोठ्ठं लिहिलंय, आणि आत विकतो काय, तर गाइडं, फायली अन् पोरांच्या प्रोजेक्टचे चार्ट. झेरॉक्सच्या मशीनवर घर चालतं. नुसतं वाचायला पुस्तक मागणारं गिऱ्हाईक वर्षाकाठी बोटावर मोजावं एवढंच. त्यातले एक इंद्रभान खिल्लारे.

किन्हीराजाच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. सत्तरी कधीच ओलांडली. काचबिंदूनं डोळे नेले, आता माणूस आवाजावरून ओळखतात. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांच्या गावच्या विहारात पुस्तकांचं एक कपाट आहे, ते दादांनी उभी हयात सांभाळलं. स्वतः चौथी शिकलेले. मजुरी केली, सालदारी केली, पण मालेगावला आले की दुकानाची पायरी चढल्याशिवाय परत गेले नाहीत. पुस्तक हातात घेतलं की आधी कपाळाला लावायचे, मग भाव विचारायचे. आता कपाळाला लावलेल्या पुस्तकावर मी काय कमावणार? या माणसानं माझं लई नुकसान केलंय, खरं सांगतो.

त्यांच्या विहारात एक रीत आहे. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचायचा; एकानं वाचायचं, गावानं ऐकायचं. ग्रंथ लवकर संपला तर उरलेल्या दिवसांत दुसरं पुस्तक लावतात. पुस्तक नवीन असलं तर त्याचं प्लास्टिक विहारातच, मेणबत्ती लावून, सगळ्यांसमोर काढायचं. आधी कोणी चाळायचं नाही. आणि एकदा लावलं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधलं काही गाळायचं नाही. दादा म्हणतात, “आमाले लय वर्सं अर्धंमुर्धं आयकू देलं. आता अख्खं आयकाचं.”

चार-पाच वर्षांपूर्वी पुण्याकडचे एक लेखक त्या गावी आले. डोंगर अन् जंगलं पायी हिंडायची, कुठं चढावं, कुठं बसून डबा खावा, कोणते पक्षी दिसतात ते लिहायचं, असा त्यांचा शौक. दादांना तेव्हा अंधुक दिसत होतं. त्यांनी लेखकाला दोन दिवस डोंगर फिरवला आणि डोंगराची सगळी हकिकत सांगितली.

ती हकिकत अशी. बहात्तरच्या दुष्काळात त्या डोंगरावर गवताचं पातं नव्हतं. दुष्काळी कामावर गावच्या माणसांनी चर खोदले, पाऊस झाल्यावर सागाची रोपं लावली. त्यात दादा होते आणि त्यांची नवी नवरी भागिरथा होती. पुढच्या उन्हाळ्यात रोपांनी माना टाकल्या. काम बंद पडलेलं, मुकादम केव्हाच निघून गेलेला. भागिरथाबाईंनी मनावर घेतलं. गावच्या विहिरीवर तेव्हा यांना घागर लावू देत नव्हते. मग नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, वाटीवाटीनं घागर भरायची अन् ती डोक्यावर घेऊन डोंगर चढायचा. झाडांची एक पुरी रांग त्या बाईनं अशी जगवली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मजुरी दिली नाही. दादा म्हणायचे, “येडी झाली काय तू?” ती म्हणायची, “लावलं तं जगवा लागते ना.”

लेखक आले त्याच्या आदल्या वर्षी भागिरथाबाई वारल्या होत्या. निघताना दादांनी त्यांना विचारलं, “साहेब, पुस्तकात तिचं नाव येईन काय?” लेखक म्हणाले, “का नाही येणार?”

झालं. त्या एका शब्दावर हा माणूस इतकी वर्षं वाट बघत बसला. दर वेळी दुकानात यायचे अन् विचारायचे, “आलं काय रे डोंगराचं पुस्तक?” मी चिडून म्हणायचो, “दादा, पुस्तक हाय, मेथीची भाजी नाही, टाकली अन् उगवली.” पण मलाही कळत होतं. ज्या घराण्यात कोणाचं नाव कधी कागदावर नीट चढलं नाही, त्या घरच्या बाईचं नाव छापून येणार होतं. दादांना दुसरं काही नको होतं.

मागच्या पावसाळ्यात पुस्तक आलं. दादा फोनवर म्हणाले, “प्लास्टिक फाडू नको, फय्याज. विहारातच खोलू.” मीही शहाणा, ऐकलं त्यांचं. नाहीतर ते पान मी दुकानातच वाचलं असतं आणि पुस्तक गहाळ झालं म्हणून थाप मारली असती.

दादांची सून रत्नमाला वाचायला बसली. तिचा आवाज खणखणीत. रोज एक डोंगर. गावानं कुठल्या कुठल्या घाटातले धबधबे ऐकले, पाखरांची नावं ऐकली. लोक कंटाळले तरी उठले नाहीत, कारण आपला डोंगर यायचा होता. एक दिवस दादांचा फोन आला. “उद्या आपलं पान हाय. ये.” मी दुकान लवकर बंद केलं अन् गाडी काढली.

विहार भरला होता. दादांनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. मी मागं दाराशी बसलो. रत्नमाला वाचू लागली:

“वाशीम जिल्ह्यातील हा डोंगर म्हणजे निसर्गाने स्वतःसाठी राखून ठेवलेला कोपरा. येथील सागवनाला माणसाचा हात कधीच लागलेला नाही. मात्र पायथ्याच्या वस्तीतील गुरे आणि कुऱ्हाड यांच्यापासून ते वाचवणे आवश्यक आहे.”

तिचा आवाज खाली गेला. पण तिनं गाळलं नाही, गाळता येत नव्हतं. पुढं सूर्योदय होता, वाऱ्याचं वर्णन होतं, गाडी कुठं लावावी ते होतं. मग ती थांबली.

“पुढं?” दादांनी विचारलं.

“झालं, बाबा. पुढं दुसरा डोंगर लागते.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. दादा मान खाली घालून ऐकत होते, आपल्या ऐकण्यातून काही सुटलं असेल म्हणून. काही सुटलं नव्हतं.

माझं तर डोकं भडकलं. अरे, जंगल कधी रांगेत उगवतं का? दोन दिवस त्या रांगांतून हिंडलास, तेव्हा डोळे काय खिशात ठेवले होते?

दादांचा मुलगा संघदीप, एसटीत कंडक्टर आहे, तो उठून उभा राहिला. “बाबा, हे पुस्तक कपाटात नाई जात. आपल्या लोकाइनं एक पुस्तक जाळलंच होतं ना? तसंच हेबी जाळू.”

दादांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग म्हणाले, “त्याच्यात आपुन होतो, बापू. शिव्या देल्या आपल्याले, पन होतो. ह्याच्यात तं आपुन नाईच. मंग जाळशीन तं काय जाळशीन?”

संघदीप खाली बसला. रत्नमालानं पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. त्या रात्री दादा जेवले नाहीत, असं तिनं मला नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी दादा म्हणाले, मला डोंगरावर ने. पायथ्यापर्यंत गाडीवर नेलं, पुढं माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. भागिरथाबाईंची रांग त्यांना न बघता सापडली. एकेका खोडाला हात लावत चालत राहिले. मी गप्प होतो. मी गप्प बसणं म्हणजे काय, हे माझ्या बायकोला विचारा.

तेवढ्यात अकोल्याकडची काही मंडळी वर आली. पाठीवर पिशव्या, पायात भारी बूट. त्यातल्या निता नावाच्या मुलीच्या हातात तेच पुस्तक होतं. तिनं मोबाइल समोर धरला आणि गोड आवाजात म्हणाली, “बाबा, जरा बाजूला होता का? फोटोत नुसतं जंगल पाहिजे.”

मी तोंड उघडणार तोच दादांनी माझा खांदा दाबला.

“नाई होत, बाई,” ते म्हणाले. या माणसाला कोणाला नाही म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. “ह्या झाडाइले माया घरच्या बाईनं पानी घातलं. डोक्यावर घागर आनून. तिलेबी बाजूलेच केलं लोकाइनं.”

मुलगी गडबडली. “पण पुस्तकात तर...”

“पुस्तकात नाई. म्हून तं सांगून राह्यलो. तुयाजोळ पेन हाय काय?”

तिच्याकडे पेन होता. ती तिथंच दगडावर बसली, पान काढलं, आणि दादा सांगतील तसं कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

“वाच,” दादा म्हणाले.

“भागिरथा इंद्रभान खिल्लारे. हिनं ही झाडं जगवली.”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. दादा खोडाला पाठ टेकून खाली बसले अन् रडले. बाई गेली त्या दिवशीही हा माणूस असा रडला नव्हता, मी मातीला होतो. मलाही राहवलं नाही, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळानं त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, उठले, आणि आपण होऊन बाजूला सरकले.

“आता काढ तुया फोटो,” ते म्हणाले.

तिनं मोबाइल पिशवीत ठेवून दिला.

उतरताना मी म्हणालो, “दादा, विहारातल्या पुस्तकावरबी लिवून टाकू काय?” म्हणाले, “नाई. ते जसं हाय तसं राहू दे. आपल्याले कसं पुसते, ते पोराइनं वाचलं पायजे.”

आता डोंगर बघायला येणारे लोक माझ्या दुकानात ते पुस्तक मागतात. चांगलं खपतं, मी नाही कशाला म्हणू? पण आलेल्या प्रत्येक प्रतीचं प्लास्टिक मी आधी काढतो, ते पान उघडतो आणि निळ्या शाईनं ती ओळ लिहितो. मगच ती प्रत दुकानाबाहेर जाते. एखादं गिऱ्हाईक वाद घालतं, नव्या पुस्तकावर पेन कायले चालवला म्हणून. मी त्याला सांगतो, छापायचं राह्यलं होतं.